खांदेमळणी आणि भेटकार्ड

परवा शिक्षकदिनाच्या आदल्या दिवशी नातवाच्या टेबलाशी सहज डोकावले. शाळेची सूचना होती, प्रत्येकाने शिक्षकांसाठी आभाराचे भेटकार्ड आणावे, सुंदर कार्डाला बक्षीस! सूनबाईने नेटवरून मजकूर काढून दिला होता आणि चिरंजीव सोनेरी स्केचपेनने तो उतरवत होते, 'माझ्या जीवनाचे शिल्पकार...'

मी विचारले, "अरे, बाईंनी नेमके काय केले तुझ्यासाठी?"

"ते यात नाहीये, आजी."

मंडळी, ३४ वर्षे शाळेत घालवलेली बाई म्हणून स्पष्ट सांगते, ही कृतज्ञता नव्हे, हे शुद्धलेखन! अशी ढीगभर कार्डे मलाही मिळाली. एकही आठवत नाही. आठवते ती एकच मुलगी. वर्ग सुटल्यावर थांबून म्हणाली होती, "बाई, माझा भागाकार चुकला तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर हसला नाहीत."

बेंदराच्या, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात. वर्षभर जू जिथे बसते, नेमका तोच खांदा हळद-तुपाने चोळायचा. झूल, बाशिंग, मिरवणूक हे सगळे नंतर. ओझे कुठे होते हे ज्याला ठाऊक, त्याचेच आभार खरे. आणि आपण मुलांना थेट झूल शिवायला बसवतो!

कुणी म्हणेल, जुन्या उपकारांची आठवण कोण ठेवतो? आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचेच घ्या. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. वय अवघे ३२. २०१४ साली चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग भारतात आले तेव्हा दिल्लीत डॉक्टरांच्या भगिनी मनोरमाताईंना भेटले. त्यात राजकारण असेल, नाही म्हणत नाही. पण त्या माणसाने काय केले हे तिकडे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. आपण मात्र सोलापुरातल्या त्यांच्या स्मारकावरून मुलांना गाडीवर बसवून भुर्रकन नेतो.

तर मी नातवाला विचारले, "तुझ्यासाठी खरोखर कुणी काही केले, असे सांग बरे." क्षणभरही न थांबता तो म्हणाला, "रिक्षावाले काका! पाऊस आला तेव्हा त्यांनी त्यांचा रेनकोट आम्हा मुलांवर टाकला." मग त्यांना का नाही सांगत? आतून सूनबाईचा आवाज आला, "अहो आई, त्यांना महिन्याचे पैसे देतो ना आपण!"

माझे भांडण याच वाक्याशी आहे. पैसे रिक्षाचे दिले, रेनकोटचे नाही. पगाराबाहेर माणूस जे देतो त्याची पावती कुठल्याच वहीत नसते. ती तोंडानेच द्यावी लागते.

हे मी कुठल्या तोंडाने सांगते? अकरावी मॅट्रिकच्या वर्षी आमच्या खोलीत वीज नव्हती. वाड्यात विड्या वळणाऱ्या एक मावशी होत्या. रात्री मांडीवर सूप घेऊन कंदिलाशी बसत. स्वतः अंधाराकडे सरकून उजेडाची बाजू त्यांनी मला दिली, सगळा हिवाळाभर. मी पास झाले, पुढे बी.ए. झाले, शिक्षिका झाले. पेढे सगळ्या वाड्याला वाटले, त्यांनाही दिले. पण कंदिलाचे बोलले नाही. पुढे बोलायचे सुचले तेव्हा त्या नव्हत्या. मला तसे कुणी शिकवलेच नव्हते.

म्हणून पालकांनो, मुलाला चिमटा काढून 'थँक्यू म्हण' म्हणू नका, मजकूरही देऊ नका. दोनच प्रश्न विचारा. त्यांनी नेमके काय केले? आणि त्यासाठी त्यांना काय सोसावे लागले? मग त्याला एकट्याला पाठवा. अडखळेल, अडखळू दे.

नातू दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाशी गेला, लाजत काहीतरी पुटपुटला. काका गप्प झाले. मग म्हणाले, "त्या रात्री ताप भरला होता बघ बाळा."

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला असे मिळाले. संध्याकाळी त्याने घरातला जुना रेनकोट शोधून काढला. कार्डाला बक्षीस मिळाले नाही म्हणे!