चाकांवरची शिकार

गोल्फच्या हिरवळीवर खेळाडूंना आणि त्यांच्या काठ्यांना एका खळीपासून दुसऱ्या खळीपर्यंत नेण्यासाठी बनलेली एक बुटकी गाडी आमच्या भागातील काही उत्साही मंडळींच्या बोलण्यात अलीकडे वारंवार येऊ लागली आहे. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांत गोल्फ खेळणारा मनुष्य आमच्या तरी पाहण्यात नाही. तरीही या गाडीचे कौतुक इथवर पोहोचले, ते मोबाइलवरच्या अमेरिकन चित्रफितींतून. जुनी गाडी स्वस्तात आणावी, तिची उंची वाढवावी, जाड खाचांचे टायर चढवावेत, पुढे झोताचा दिवा आणि मागे बंदूक अडकवण्याची चौकट बसवावी, आणि रात्री रानडुकरांच्या मागे निघावे, असा हा बेत आहे. त्याला नाव दिले जाते पीकसंरक्षणाचे. आमचा या बेताला विरोध आहे आणि तो आडवळणाने नोंदवण्याचे आम्हांला काही कारण दिसत नाही.

आधी गाडीविषयी बोलू. ही गाडी सपाट, कातरलेल्या गवतावर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत चालावी म्हणून घडवलेली वस्तू आहे. चाके लहान, पोट जमिनीलगत, ३६ किंवा ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांचे ओझे आसनाखाली, आणि बहुतेक गाड्यांत ब्रेक फक्त मागच्या चाकांना. तिला चार-सहा इंच उचलून मोठी चाके लावली की सगळे वजन वर जाते आणि उतारावर वळताना ती कलंडण्याचा धोका वाढतो. मोठे चाक फिरवायला मोटरला जोर अधिक लागतो. म्हणून विजेचा प्रवाह सांभाळणारी पेटी बदलायची, तारा जाड करायच्या. त्यातून वेग वाढतो, ब्रेक मात्र पूर्वीचेच राहतात. आमच्याकडील कारागिरांच्या हातांविषयी आम्हांला शंका नाही. पाण्याच्या पंपाचे इंजिन फळकुटांवर बसवून ज्यांनी जुगाडगाडी चालवली, त्यांना हे काम अवघड नाही. पण एखादी गोष्ट करता येते, एवढ्यावरून ती करावी असे ठरत नाही.

शिवाय आमची जमीन ही काही हिरवळ नव्हे. सातपुड्याच्या दक्षिण उतरणीवरचा हा मुलूख. कुठे मुरूम आणि धोंडे, कुठे पावसात पाय रुतवणारी काळी माती, आणि जाम व कन्हान यांना मिळणाऱ्या नाल्यांच्या घळी. संत्र्याच्या बागेत झाडांच्या ओळींतून ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात. रात्री डुकराच्या मागे सुसाट सुटलेली गाडी त्या नळ्यांवरून आणि झाडांच्या आळ्यांवरून गेली, तर सकाळी नुकसानीची मोजदाद करताना डुकराने केलेले किती आणि रक्षणकर्त्याने केलेले किती, हे कोणी ठरवायचे?

शेतकऱ्याचे दुःख मात्र खरे आहे, आणि ते नाकारून जंगलाचे गोडवे गाणाऱ्यांत आमची गणना होऊ नये. उभा मका एका रात्रीत झोपवणारा डुकरांचा कळप, भुईमुगाचे उकरलेले वावर, रोह्यांनी तुडवलेला हरभरा, हे आम्ही पाहिलेले आहे. आंबिया बहाराची फळे झाडावर असताना आणि त्याच वेळी शेजारच्या वावरात मका उभा असताना जागलीला जाणारा माणूस महिनोन्महिने पुरता झोपत नाही. दिवसभर राबायचे आणि रात्री मचाणावर बसून डबा वाजवायचा, हे आयुष्य शहरातल्या प्राणिप्रेमींनी आठवडाभर जगून पाहावे. पण हाच जागलकरी ती गाडी घेणार आहे काय? तीन एकरांच्या धन्याकडे ती विकत घेण्यास पैसा नाही आणि हौस भागवण्यास उसंत नाही. गाडीच्या गोष्टी करणाऱ्यांत आम्हांला दिसतात ते ज्यांच्या रात्री मोकळ्या आहेत असे लोक. शेतकऱ्याचे दुःख त्यांनी केवळ परवान्यासारखे खिशात ठेवले आहे.

कायद्याची बाजूही सरळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीची व्याख्या केवळ ठार मारण्यापुरती ठेवलेली नाही; प्राण्याला हाकणे, आमिष दाखवणे, सापळा लावणे आणि यांचा प्रयत्न करणे, हे सारे तिच्यात येते. तेव्हा ‘आम्ही नुसते पिटाळायला गेलो होतो’ ही सबब मागे बंदुकीची चौकट असलेल्या गाडीला शोभत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या अशा प्राण्याला मारण्याची परवानगी कलम ११ खाली मिळू शकते, पण ती अधिकाऱ्याने कारणे नमूद करून लेखी द्यावी लागते. चहाच्या टपरीवर झालेला ठराव म्हणजे परवानगी नव्हे. गंमत अशी की १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणाचा उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीसंबंधात. बार भरावा, एकदा उडवावा, कळप पळावा आणि पुन्हा बार भरेपर्यंत जीव वाचावा, एवढीच त्या हत्याराची झेप. वावराच्या धुऱ्यावर उभा राहिलेला शेतकरी आणि झोताच्या उजेडात पाठलाग करणारी टोळी यांतला फरक एवढ्या एका तपशिलातही दिसतो.

या अधिनियमाच्या मूळ मसुद्यातील कलम १७ आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १९९१ च्या दुरुस्तीत परवान्यावरची शिकारच संपली, तेव्हा ते कलमही गळून पडले. परंतु ज्या काळी परवाना घेऊन शिकार करणे कायदेशीर होते, त्या काळीही चाकांच्या अथवा यंत्राने चालणाऱ्या वाहनातून शिकार करण्यास त्या कलमाने मनाई केली होती. अर्थात शिकारीला मान्यता देणाऱ्यांनाही गाडीतून मारणे मान्य नव्हते. असे का झाले असावे? दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीपगाड्या बाजारात आल्या आणि मोकळ्या माळावरच्या काळविटांची जी कत्तल झाली, तिची आठवण त्या वेळी ताजी होती. आणि त्याहून जवळची एक गोष्ट आहे. १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्री मोटारीतून जाताना दिव्याच्या झोतात सापडलेले तीन चित्ते मारले. भारतातील चित्त्यांची ती अखेरची खात्रीलायक नोंद मानली जाते. तो मुलूख पुढे मध्यप्रदेशात आला आणि २००० पासून छत्तीसगडात आहे. १९५२ मध्ये चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच मध्यप्रदेशाच्या कुनो उद्यानात नामिबियातून विमानाने चित्ते आणावे लागले. एक गाडी, एक दिवा आणि एक रात्र यांची किंमत पुढे किती चढू शकते, हे सांगायला आम्हांला याहून मोठे उदाहरण लागत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: राजेरजवाडे हत्तीच्या हौद्यातून शिकार करीत, ते चालत होते, आणि आमची गाडी तेवढी खुपते! ते चालत होते असे आम्ही कुठे म्हटले? हाकारे घालून हौद्यापुढे आणलेल्या वाघावर गोळी झाडण्यात कोणते शौर्य होते, ते आम्हांला कधीच उमगले नाही. तरीही हत्तीच्या येण्याची चाहूल जंगलाला लागत असे. बॅटरीच्या गाडीची सर्वांत मोठी खुबी म्हणून जी सांगितली जाते ती नेमकी हीच, की तिचा आवाज होत नाही. पाचोळ्यावरचे पाऊल, इंजिनाची घरघर, माणसाचे खाकरणे, यांतून प्राण्याला पळण्याचा जो क्षण मिळतो तो क्षणच या गाडीत काढून टाकलेला आहे. आणि जिथून ही फॅशन आली त्या अमेरिकेतही अनेक राज्यांत वाहनातून गोळी झाडणे निषिद्ध आहे. तिथे अशी गाडी बहुधा माणसाला आणि सामानाला मचाणापर्यंत पोहोचवते. चित्रफितीत तेवढे सांगितले जात नाही.

आम्ही साहित्याच्या मंडळाचे लोक, आम्हांला या गोष्टीत पडण्याचे कारण काय, असेही कोणी विचारील. मराठीत अरण्याविषयी जे वाचण्याजोगे लिहिले गेले ते चालणाऱ्या माणसांनी लिहिले. व्यंकटेश माडगूळकरांच्या हाती बंदूक होती तेव्हाही त्यांचे लेखन पायांनी फिरून झाले. पुढे ते नागझिऱ्यात राहिले ते केवळ पाहण्यासाठी. जून २०२५ मध्ये दिवंगत झालेल्या मारुती चितमपल्लींच्या पुस्तकाचे नावच ‘रानवाटा’ आहे. आमचा हा पट्टा पेंचच्या शेजारचा, त्या जंगलावरून सिवनीचे नाव जगभरच्या मुलांपर्यंत गेले. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य, राजधानी, जिल्हा असे सगळे बदलत गेले तरी रोही, धुरा, जागल, वावर हे शब्द इथल्या मराठीत टिकले, कारण लोक त्या धुऱ्यावरून रोज चालत होते.

मग करायचे काय? मध्यप्रदेश शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये शाजापूर भागात दक्षिण आफ्रिकेच्या तज्ज्ञांना सोबत घेऊन हेलिकॉप्टरच्या साहाय्याने आठशेहून अधिक काळवीट आणि काही डझन रोही पकडून दूरच्या अभयारण्यांत नेऊन सोडले. आमच्या डोंगराळ, झाडोऱ्याच्या भागात आणि रानडुकरांच्या बाबतीत तो प्रयोग तसाच्या तसा चालेल असे आम्ही म्हणत नाही. पण प्रश्न सरकारचा आहे आणि सरकार मनावर घेते तेव्हा खर्चही करते, एवढे त्यातून दिसले. त्या मानाने गावाभोवती सामायिक सौरकुंपण ही किती लहान मागणी! याउलट जिवंत वीज सोडलेल्या तारांनी काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. त्या तारा डुक्कर आणि वाघ यांत भेद करीत नाहीत, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्यालाही ओळखत नाहीत. तारा लावणाऱ्याला गुन्हेगार म्हणणे सोपे आहे. त्याला तारेपर्यंत नेणारी दिरंगाई कोणाची, हेही विचारले पाहिजे. भरपाईसाठी नुकसानीची पाहणी महसूल खात्याने करायची असते. पटवारी येईपर्यंत वावर नांगरून झालेले असते, आणि हिंदीतला अर्ज आमच्या कित्येक मराठी शेतकऱ्यांना भरता येत नाही. तो भरून देण्याचे काम आमच्या मंडळासारख्यांना सहज करता येण्याजोगे आहे. पुढल्या बहाराआधी ते सुरू व्हावे, असा आमचा आग्रह आहे.

आणि ती गाडी आणायचीच असेल, तर मूळ रूपात आणावी. जामसावळीला निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनाला येणाऱ्या गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यांना वाहनतळापासून देवळापर्यंत नेण्यास ती अगदी योग्य आहे. तिथे वाट सपाट आहे, वेगाची गरज नाही, आणि चढायला बुटकी गाडीच बरी पडते.