पानं कोण कातरतंय?

तुर्भ्याच्या एमआयडीसीत दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं, संध्याकाळी ट्रान्स हार्बरच्या गर्दीत घुसायचं आणि घरी आल्यावर बाल्कनीतल्या पाच कुंड्यांना पाणी घालायचं. एवढाच काय तो आपला निसर्ग! त्यातही एका सकाळी गुलाबाच्या पानांना कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल पडलेले दिसले, तर टेन्शन येणारच. माझ्या एका मैत्रिणीने मोबाइलवर शोधलं, ‘पानं कापणाऱ्या मुंग्या’ सापडल्या आणि मॅडम थेट शेतात फवारायचं औषध घेऊन आल्या. त्याच बाल्कनीत तिच्या आईचा कढीपत्ता आहे, जो रोज फोडणीत पडतो. आता बोला!

त्या मुंग्या खऱ्या आहेत, पण त्यांचा पत्ता वेगळा. पानांचे तुकडे वारुळात नेऊन त्यावर बुरशीची शेती करणाऱ्या या मुंग्या फक्त अमेरिका खंडात सापडतात, टेक्सासपासून अर्जेंटिनापर्यंत. तुर्भ्यात त्या नाहीत. आंब्यावर पानं जोडून घरटं करणारे आपल्याकडचे लाल मुंगळे पानं शिवतात, कापत नाहीत. (चावतात मात्र कचकचून!)

मग गुलाब कोण कातरतं? एक मधमाशी. मेगाकायली हे तिचं शास्त्रीय नाव. ही पोळं करत नाही, एकटीच राहते. पानाचा गोल तुकडा काही सेकंदांत कापते आणि पोकळ काडीत, लाकडाच्या भोकात, कधी भिंतीतल्या जुन्या स्क्रूच्या भोकात नेऊन त्याची गुंडाळी करते. आत पराग भरायचा, एक अंडं घालायचं, झाकण लावायचं. पान ती खात नाही. चार पानं कातरली म्हणून गुलाब मरत नाही, आणि मुद्दाम पकडल्याशिवाय ती सहसा डंखही करत नाही. याच कुळातल्या माशा तुरीच्या फुलांचं परागीभवन करतात. म्हणजे एपीएमसीच्या धान्य बाजारात पोत्यांनी येणाऱ्या तूरडाळीत यांचाही हात (की पाय?) आहे. औषध मारायचं ते हिच्यावर?

कातरलेली कड साफ नसेल, पान कुरतडल्यासारखं असेल आणि खाली काळे दाणे पडले असतील, तर ती अळी. कढीपत्त्यावर आणि लिंबावर हमखास असते. लहानपणी ती चक्क पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून नजरेतून सुटते. हाताने उचला, काम झालं. पावसाळ्यात पानांवर चकचकीत चिकट रेघ दिसली तर गोगलगाय. टॉर्च घेऊन रात्री शोधायची.

आता राहिल्या मुंग्या. जास्वंदीच्या शेंड्यांवर त्यांची रांग लागली असेल, तर त्यांच्यामागे न लागता शेंडा उलटा करून बघा. कापसासारखं पांढरं काही चिकटलंय? तो पिठ्या ढेकूण, म्हणजे नर्सरीवाल्याचा ‘मिलीबग’. तो झाडाचा रस शोषतो, गोड चिकटा सोडतो आणि मुंग्या तो चाटायला येतात. फुकट नाही हं, बदल्यात त्याला खाणाऱ्या किड्यांना त्या हुसकावून लावतात. मुंग्यांसाठी खडूची रेघ ओढलीत तरी ढेकूण तिथेच राहणार. खरा फंडा सोपा आहे. जास्त लागलेला शेंडा छाटून पिशवीत बांधून टाका. उरलेल्यावर नळाचा जोरदार फवारा, मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, आठवड्याने एकदा, असं दोन-तीन वेळा. कढीपत्त्यावर मारलं असेल तर फोडणीत टाकण्याआधी नीट धुऊन घ्या.

एकच लक्षात ठेवा. त्या पांढऱ्या गर्दीत एखादा मोठा, लोकरीचे धागे लोंबणारा किडा भराभर चालताना दिसला तर त्याला हात लावू नका. ती एका लेडीबर्डची अळी असू शकते. हा किडा ऑस्ट्रेलियातून 1898 साली भारतात आणला गेला आणि पिठ्या ढेकूण हेच त्याचं जेवण.

कुंडीच्या मातीतच मुंग्यांचं घर झालं असेल, तर कुंडी अर्धा तास पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवा. काम गच्चीवर करा. बाथरूममध्ये केलंत तर त्या बाहेर पडून कुठे जातील, ते सांगायला नको.