ज्ञान आमचं, पोथी त्यांची

सध्या शहाण्यासुरत्यांना परंपरेचा फार पुळका आलाय. पूर्वजांनी झाडात देव बघितला म्हणून जंगल राहिलं, असं पंख्याखाली बसून सांगतात. राहिलं हे खरं. सह्याद्रीतल्या देवरायांवर गाडगीळ आणि वर्तकांनी १९७६ साली लिहिलं ते खोटं नाही. कुऱ्हाड शिरली नाही म्हणून तिथं जुनी झाडं टिकली.

पण पूर्वज म्हणजे कोण? गावाची शीव महाराला पाठ. शिवेचा तंटा पेटला की साक्षीला तोच. मेलेलं ढोर ओढणारा तोच. ह्याला कुणी ज्ञान म्हटलं नाही, गावकी म्हटलं आणि शिळी भाकर टाकली. महाडच्या तळ्यावर जनावरं पाणी प्यायची. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तर तळं बाटलं! मग ह्यांनी त्यात शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केलं. हे यांचं जलसंवर्धन!

आणि औषधी? खुद्द चरकसंहिता कबूल करते की वनस्पतींची नावं-रूपं गुराखी, मेंढपाळ, रानातली माणसं ओळखतात. पुढच्याच दमात म्हणते, नुसतं ओळखून खरं ज्ञान होत नाही. झालं! मुळी खणणारा अडाणी, लिहून घेणारा वैद्य.

तीच चाल आजही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं सांगितलं, वनस्पतींवर धंदा करणाऱ्यानं राखणाऱ्यांना वाटा द्यावा. दिव्य फार्मसी कोर्टात भांडली. २०१८ साली उत्तराखंड हायकोर्टानं बजावलं, देशी कंपनीलाही वाटा चुकणार नाही. मग २०२३ साली कायदाच बदलला. ग्रंथात नोंदलेल्या ज्ञानाला वाट्यातून सूट! ज्यांच्या कानात शिसं ओतायची भाषा केली, त्यांनी ग्रंथ लिहायचा कधी?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) च्या गोंडांनी कौतुक मागितलं नाही, जंगल मागितलं. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर गावाचा हक्क घेतला, २०११ साली आपला बांबू आपण विकला. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांमागे आपली माणसं पडीक जमिनीसाठी तुरुंगात गेली, त्यांच्या नातवंडांच्या हातात गायरानाचा कागद अजून किती ठिकाणी नाही. पुढच्या देवराई-परिसंवादाला जा, उठून एवढंच विचारा. चहा देतील, तो पिऊन घ्या आणि परत विचारा.