होय, नाही आणि मॉड्यूल

उमरीच्या मोंढ्यात सोयाबीनचा किंवा तुरीचा सौदा होऊन, पोती काट्यावर चढून उतरल्यानंतर, आडतीच्या दुकानातून जो एक कर्कश, तालबद्ध, करवतीच्या जातीचा आवाज ऐकू येऊ लागतो, तो ज्याच्या कानी एकदा पडला त्याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर म्हणजे काय हे निराळे समजावून सांगण्याचे प्रयोजन उरत नाही. नऊ बारीक सुया शाईच्या फितीवर आघात करीत जातात आणि त्या आघाताच्या जोरावर कार्बनखालच्या दुसऱ्या-तिसऱ्या कागदावरही हिशेबपट्टी उमटते. एक प्रत शेतकऱ्याची, एक दुकानाच्या दप्तराची, एक बाजार समितीची. लेझर प्रिंटर कितीही देखणा असला तरी तो कागदाला स्पर्श करतो, ठोसा मारीत नाही. आणि मोंढ्याचा व्यवहार अद्याप ठोशावर चालतो.

या प्रिंटरला संगणकाशी जोडणारी जी जाडजूड केबल, तिचे एक टोक ३६ पत्र्यांचे व दुसरे २५ पिनांचे असते. पहिल्या टोकाची परंपरा सेंट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीच्या १९७० सालच्या प्रिंटरपाशी पोहोचते, दुसऱ्याची १९८१ सालच्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकापाशी. पंचवीस छिद्रांच्या या खोबणीला पॅरलल पोर्ट म्हणतात, कारण क्रमांक २ ते ९ या आठ तारांवरून एका अक्षराचे आठही अंश एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून निघतात. मुदखेड-धर्माबादच्या आमच्या लोहमार्गावर एकामागून एक डबे जातात तसे ते नव्हे; आठ समांतर रुळांवरून आठ डबे एकदम सुटावेत असे ते. उरलेल्या तारांपैकी एक 'माल निघाला' अशी वर्दी देते, एक 'पोहोचला' अशी पावती आणते, एक 'अजून हात रिकामा नाही' असे कळवते, आणि एक तर केवळ 'कागद संपला' एवढेच सांगण्यासाठी राखून ठेवलेली असते. कचेऱ्यांच्या कारभारातही इतका नेमका पत्रव्यवहार मला क्वचितच आढळला आहे.

आता ही खोबण संगणकाच्या पाठीला असली म्हणजे ती चालेलच असे समजणे, हा भोळेपणा झाला. आणि तो भोळेपणा मी स्वतः केलेला असल्यामुळे त्याविषयी अधिकारवाणीने लिहू शकतो. गोष्ट २००० सालच्या सुगीतली. एका आडत दुकानदार स्नेह्याच्या जुन्या संगणकावर मी हट्टाने लिनक्स बसवून दिले होते आणि पट्टी छापण्याचा एक लहानसा प्रोग्रामही लिहून दिला होता. (पट्टीवरची अक्षरे रोमन होती, हे कबूल केले पाहिजे. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने डॉसवर देवनागरीची सोय करून दिली होती. माझ्या लिनक्सवर ती नव्हती, आणि उमरीचा शेतकरी अक्षरांपेक्षा आकड्यांकडे आधी पाहतो या समजुतीवर मी वेळ मारून नेली.) लिनुस तोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, ज्याचा त्याने आपल्या यंत्राबरहुकूम घडवून घ्यावा अशी त्या काळची रीत होती. त्यासाठी प्रश्नांची एक लांबलचक जंत्री पडद्यावर येई, आणि प्रत्येक प्रश्नाला होय, नाही अथवा मॉड्यूल यांपैकी एक उत्तर द्यावे लागे. 'होय' म्हणजे सालगडी ठेवणे: तो वाड्यातच राहणार, काम असो वा नसो त्याला जागा द्यावी लागणार. 'मॉड्यूल' म्हणजे रोजंदार: गरज पडली की हाक मारावी, काम संपले की रजा द्यावी. 'नाही' म्हणजे नाही.

जानेवारी १९९९ मध्ये प्रसृत झालेल्या २.२ या आवृत्तीत या खोबणीची व्यवस्था मुळापासून बदलली होती, आणि माझी फसगत झाली ती तिथेच. पूर्वी प्रिंटरचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, थेट खोबणीवर ताबा ठेवून बसे; दुसऱ्या कोणाला, उदाहरणार्थ त्याच केबलीने जोडलेल्या झिप ड्राइव्हला, तेथे शिरकाव नसे. नव्या व्यवस्थेने ही मिरासदारी मोडून कारभाराचे तीन थर केले. मध्ये 'पारपोर्ट' नावाचा मुकादम, खाली प्रत्यक्ष लोखंडाशी बोलणारा 'पारपोर्ट-पीसी', आणि वर खोबणीवर हक्क सांगणारे नाना ग्राहक, ज्यांत प्रिंटरचा 'एलपी' हा सर्वांत जुना. मोंढ्यात काटा एक आणि आडते अनेक असले म्हणजे जे घडते तेच येथे घडते: ज्याला काटा हवा त्याने मुकादमाकडे मागणी नोंदवावी, मिळाला की माल तोलून घ्यावा आणि मोकळा करावा, आणि तो कोणी अडवून बसला असेल तर दुसऱ्यासाठी सोडतोस का, असे मुकादमाने त्याला विचारावे.

मी मुकादमाला 'होय' म्हटले, प्रिंटरलाही 'होय' म्हटले, आणि या दोहोंच्या मध्ये 'पीसी-पद्धतीचे हार्डवेअर' असा जो एक निरुपद्रवी प्रश्न होता, तो कोणा विशेष यंत्रासाठी असावा अशा समजुतीने त्याला 'नाही' म्हणून पुढे गेलो. कर्नल घडायला त्या मंद यंत्रावर काही तास लागत. त्यात भारनियमनाने दोनदा व्यत्यय आणला. अखेर यंत्र सुरू झाले तेव्हा पडद्यावर जी ओळ उमटली तिचा आशय असा होता की, चालक रुजू झाला आहे, परंतु उपकरण सापडले नाही.

मुनीमजी हातात पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन उभे होते. ''काय म्हणायलंय दादा तुमचं मशीन?''

''म्हणतंय, माणूस आलाय पण दुकान सापडंना.''

''मग दुकान तर इथंच हाय की हो.''

त्या प्रश्नपत्रिकेत आणखीही सापळे होते. मुकादम रोजंदारीवर ठेवला तर त्याच्या हाताखालच्या माणसाला सालगडी करता येत नाही. पारपोर्ट मॉड्यूल असेल तर प्रिंटरच्या प्रश्नाला 'होय' हे उत्तर उपलब्धच नसते. आणि रोजंदाराला हाक मारायची तर कोणत्या नावाने, हे मॉड्यूलांच्या टिपणात लिहून ठेवावे लागे, नाहीतर मुकादम येई आणि हाताखाली कोणी नसल्याने बसून राही. पत्त्यांचा घोळ निराळाच. पहिल्या खोबणीचा पत्ता बहुधा षोडशमान पद्धतीतला ३७८. जुन्या आवृत्तीत या पत्त्याला ठरीव नाव 'एलपी-१' होते, नव्यात जी खोबण प्रथम सापडेल ती 'एलपी-०'. आमच्याकडे एकत्रीकरणानंतर सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा जमीन तिथेच राहिली आणि माणसे मात्र जुन्या कागदानिशी खेटे घालीत राहिली. छपाईच्या टिपणात 'एलपी-१' लिहून ठेवलेल्या कित्येकांची तीच गत झाली.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे की, आता प्रश्न विचारणेच बंद झाले आहे. तयार कर्नल येतात, त्यांत सर्वांसाठी सर्व काही मॉड्यूलरूपाने भरलेले असते, आणि ते सोयीचे आहे याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्याच 'नाही'ची. कर्नलमध्ये पारपोर्ट अद्याप जागेवर आहे. परंतु नव्या संगणकांच्या पाठीवरून ती पंचवीस छिद्रे गेली, आणि संस्थांच्या खरेदीत हा बदल कोणी विचारात घेत नाही. संगणक येतो, खोबण नसते, आणि ठणठणीत प्रिंटर 'कालबाह्य' या शेऱ्यासह अडगळीत जातो. मग कोणी यूएसबीची परिवर्तक केबल आणून देतो. ती छपाईपुरती बहुधा चालते, पण ती खोबण नव्हे, खोबणीचे सोंग आहे: ३७८ या पत्त्यावर तेथे कोणीही राहत नाही. म्हणून त्याच खोबणीत बसणारी जुन्या सॉफ्टवेअरची कुलुपे तिच्यावर उघडत नाहीत, आणि आठ तारांवर आठ दिवे लावून यंत्रविद्येचा श्रीगणेशा करणाऱ्या विद्यार्थ्याचे दिवेही लागत नाहीत. संगणकाच्या आत बसवायचे साधे पीसीआय कार्ड खरीखुरी खोबण देते. पत्ता वेगळा असतो, पण पारपोर्ट-पीसी अशी कित्येक कार्डे ओळखतो. चालता प्रिंटर भंगारात घालण्याआधी या कार्डाची चौकशी व्हावी, इतकी माफक मागणी मी एका कचेरीत करून पाहिली. तिथे ती ज्यांनी ऐकून घेतली त्यांना प्रिंटरची केबल कोणत्या टोकाने लावतात हेही ठाऊक नव्हते, आणि जाणून घेण्याची निकडही भासत नव्हती.

त्या सुगीत मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, मधल्या प्रश्नाला 'होय' म्हटले, आणि दुपारपर्यंत पडद्यावर 'एलपी-०'ने 'पारपोर्ट-०' स्वीकारल्याची ओळ आली. पुढे कंसात लिहिले होते की काम घंटीवर नव्हे, फेऱ्या मारून होईल; म्हणजे प्रिंटर वर्दी देणार नाही, कर्नलनेच वारंवार जाऊन हात रिकामा झाला का ते विचारायचे. घंटीची वाट, म्हणजे सातव्या क्रमांकाचा इंटरप्ट, ध्वनिकार्डाने बळकावली होती. मोंढ्याच्या दुकानात ध्वनिकार्ड कशाला, हे मी मालकांना विचारले नाही; दुपारच्या निवांत वेळी तिथे नाट्यसंगीत लागत असे, हे मला ठाऊक होते. पट्ट्यांना त्यामुळे काही उशीर होत नव्हता. सुया करवतू लागल्या, तिन्ही कागद सरकत बाहेर आले. मुनीमजींनी छिद्रांच्या कडा सफाईने फाडल्या, तिसरी प्रत उजेडाकडे धरून आकडे निरखले आणि गठ्ठ्यावर ठेवली.

''फीत फिकी झालीय दादा,'' ते म्हणाले, ''नांदेडला गेलात तर घेऊन या.''

— उमरीकर