अनुदान गोणीला की मातीला?

धारणीच्या कोरकू शेतकऱ्याचे शेणखत ‘मागासलेले’ ठरविणाऱ्यांनी आधी हिशेब मांडावा. २०१० साली पोषणद्रव्याधारित अनुदान आले. युरिया मात्र त्यातून वगळला गेला. पंचेचाळीस किलोंची गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते. उरलेला भार सरकारी तिजोरी उचलते आणि तो पैसा खतकंपन्यांच्या खात्यात जमा होतो. उलट पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांचे नाडेप खत पाहा. भोके ठेवलेल्या विटांच्या टाकीत पालापाचोळा, माती व थोडे शेण थरावर थर रचले, की मातीला जिवंत ठेवणारे सूक्ष्मजीव त्यात पोसले जातात. टाकी बांधण्यासाठी योजना निघतात. पण ती वर्षानुवर्षे भरणाऱ्या हातांच्या श्रमाचे मोल कोण देणार? अनुदानाचा पहिला हक्क त्या हातांचाच आहे!