माडाचा रस आणि सुतारावरचा आळ

माडाच्या खोडातून तपकिरी रस गळतोय आणि वर सुतार पक्षी टकटक करतोय, एवढे दिसले की दोष पक्ष्यावर जातो. वरळी कोळीवाड्यासारख्या माडांच्या वस्तीत ही गल्लत सहज होते. त्यात मोबाइलवर शोधले की ‘सॅपसकर’ समोर येतो.

हा सुतारकुळातला पक्षी खरेच रस पितो. जिवंत झाडाच्या सालीत आडव्या ओळीत नेटकी, बारीक भोके पाडतो आणि पाझरलेला रस ब्रशसारख्या जिभेने चाटतो. रसावर आलेले किडेही खातो. त्याच भोकांवर हमिंगबर्डही पोट भरतात. पण त्याच्या चारही जाती उत्तर अमेरिकेतल्या. वरळीत तो नाही.

मुंबईत दिसतो तो बहुधा सोनपाठी सुतार. पाठ सोनेरी, कंबर काळी, काळ्या गळ्यावर पांढरे ठिपके, डोक्यावर लाल तुरा. मादीच्या कपाळावर मात्र काळ्यात पांढरे ठिपके. खिदळल्यासारखा ओरडतो. खातो मुख्यतः मुंग्या आणि सालीखालच्या अळ्या. फुलांतला मध कधीमधी. (भर दुपारचे एकसुरी ‘टुक टुक’ त्याचे नव्हेच. ती तांबटाची हाक, आणि तांबट फळांवर जगतो.) आपल्याकडचा तांबूस सुतार केळीच्या पानांच्या बुडाशी रस पितो खरा, पण तो रानातला.

मग माडाचा रस गळतो कशाने? पहिला संशय सोंड्या भुंग्यावर घ्यावा. त्याची मादी खोडावरच्या जखमेत अंडी घालते, अळ्या आतला गाभा पोखरतात आणि भोकातून चिकट तपकिरी रस व चघळलेला भुसा बाहेर येतो. शेंडा कोमेजेपर्यंत अनेकदा कोणाच्या लक्षातही येत नाही. सुतार तिथे अळ्यांसाठीच आलेला असू शकतो. त्याला हाकलून भोकात सिमेंट भरणे म्हणजे तापाच्या रुग्णाचा घाम पुसून त्याला घरी पाठवणे!

कोळीवाड्याच्या चिंचोळ्या गल्लीत पोखरलेला माड पडला तर तो कोणाच्या तरी छपरावरच पडणार. २०१७ मध्ये चेंबूरला माड अंगावर कोसळून एका महिलेचा जीव गेला होता. म्हणून पक्ष्याच्या फोटोवर न थांबता भोकाचा, गळणाऱ्या रसाचा आणि बुंध्याशी पडलेल्या भुशाचाही फोटो काढून महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवावे. परस्पर कुऱ्हाड चालवू नये. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने त्याला परवानगी लागते.