नव्या घरमालकाची कसोटी

मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात ‘घरमालक’ हा शब्द कित्येक पिढ्या दुसऱ्या कोणासाठी तरी राखलेला होता. गिरगाव-दादरच्या चाळींत किंवा पुण्याच्या पेठांतील वाड्यांत ज्यांचे संसार झाले, त्यांतील बहुतेक भाडेकरूच होते. गेल्या दोन-तीन दशकांत हे चित्र पालटले आहे. कोणी निवृत्तीच्या पैशांतून दुसरी सदनिका घेतली, कोणाच्या मुलाने परदेशी बस्तान बसविल्याने त्याचे इथले घर रिकामे पडले, कोणाकडे आईवडिलांच्या पश्चात त्यांची जागा आली. कालचा भाडेकरू अशा रीतीने आज घरमालक झाला आहे. चार माणसे त्याचे घर पाहून जातात, आणि त्यांतून एकाची निवड करण्याचा अधिकार आयुष्यात प्रथमच त्याच्या हाती येतो. हा अधिकार त्याने कसा वापरावा, हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो; परंतु आमच्या मते तो सार्वजनिक महत्त्वाचा आहे. शहरात कोणी कोठे राहावे, याचा निर्णय आज नगररचनाकारांइतकाच अशा लहान घरमालकांच्या दिवाणखान्यांतही होत असतो.

नव्या घरमालकाच्या मनात सर्वप्रथम येते ती भीती: माणूस आत आला आणि बाहेरच पडला नाही, तर? या भीतीची चेष्टा करणे बरोबर नाही, कारण तिला इतिहास आहे. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० रोजीच्या पातळीला बांधून टाकली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात तो उपाय आवश्यकच होता. परंतु टंचाईचा उपाय पन्नास वर्षे चालला, आणि महिन्याच्या भाड्यात इमारतीची डागडुजीही होईना. त्यातूनच पागडी रुजली. भाडेकरूपणाला बगल देण्यासाठी परवान्याने जागा देण्याचा मार्ग लोकांनी काढला, तेव्हा १९७३ मधील दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस परवान्यावर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. गोठविलेल्या भाड्याची ही तरतूद कालौघात अवाजवी ठरली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केले. हे सारे ज्यांनी लहानपणापासून ऐकले, त्यांना कुलूप लावलेले घर हेच सुरक्षित घर वाटावे, यात नवल नाही.

तथापि ज्या कायद्याने ही भीती निर्माण केली, तो आज अस्तित्वात नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. आज ज्याला आपण बोलण्यात भाडेकरू म्हणतो, तो बहुधा लीव्ह अँड लायसन्स कराराखालील परवानाधारक असतो. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर त्याने ती सोडली नाही, तर या अधिनियमाच्या २४ व्या कलमानुसार घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. आणि मुदतीनंतर जागा अडविणाऱ्यावर ठरल्या शुल्काच्या दुपटीने भरपाई देण्याची जबाबदारी येते. दाद मागण्यात वेळ व मनःस्ताप जातोच, हे आम्ही नाकारीत नाही. म्हणून आधी नीट चौकशी करावी, हे ओघानेच आले. प्रश्न एवढाच की, चौकशी कशाची करावी?

घरमालकाला वस्तुतः तीन गोष्टी कळणे पुरेसे आहे. समोरचा माणूस तोच आहे काय, जो असल्याचे तो सांगतो? ठरलेले भाडे दरमहा देण्याची त्याची ऐपत आहे काय? आणि याआधी जेथे तो राहिला, तेथे तो कसा राहिला? पहिल्याचे उत्तर ओळखपत्रांवरून मिळते. दुसऱ्याचे उत्तर नोकरीचे पत्र, मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या किंवा व्यावसायिकाचे प्राप्तिकर विवरण यांवरून मिळते. भाडे मिळकतीच्या तृतीयांशाहून फार वर जात असेल, तर आज हौसेने होकार देणारा माणूस चार महिन्यांनी अडचणीत येईल, हे दोघांनीही ओळखावे. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र थोडे कष्ट हवेत. सध्याच्या घरमालकाचा अभिप्राय घ्यावाच. परंतु नको असलेला भाडेकरू जावा म्हणून त्याची स्तुती करणारे घरमालकही असतात. यास्तव त्याच्याही आधीच्या घरमालकाशी दोन शब्द बोलावे. जे प्रथमच घर सोडून शहरात आले आहेत, त्यांच्यासाठी नोकरीच्या ठिकाणचा किंवा महाविद्यालयाचा दाखला चालावा. आणि हे सारे केवळ दलालावर न सोपविता माणसाला समक्ष भेटावे. त्यालाही घरमालक कसा आहे, हे पाहण्याचा तितकाच हक्क आहे.

आमची आणखी एक सूचना आहे. पहिला उमेदवार दारी येण्यापूर्वीच आपल्या अटी कागदावर लिहून काढाव्यात आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच प्रश्न विचारावेत. वर्गात एका विद्यार्थ्याला सोपा प्रश्न व दुसऱ्याला अवघड प्रश्न घालणाऱ्या शिक्षकाला आपण पक्षपाती म्हणतो. मग बँकेतील जोडप्याला दोन प्रश्न आणि एकट्या तरुणीला वीस प्रश्न विचारणाऱ्या घरमालकाला काय म्हणावे? अटी आधी लिहिल्या म्हणजे आपण माणसाची ऐपत व वर्तन तपासतो आहोत, की आपलेच पूर्वग्रह कुरवाळतो आहोत, हे आपले आपल्याला कळते.

मुख्य दुखणे येथेच आहे. आपल्या शहरांत जागा पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पगाराचा विचारला जात नाही. आडनावाचा विचारला जातो. आडनावावरून जात कळली नाही, तर गाव विचारले जाते. तेवढ्याने भागले नाही, तर स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारले जाते. मुसलमान नको, परप्रांतीय नको, अविवाहित नको, नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई तर नकोच. हे नकार उघडपणे क्वचितच दिले जातात. ‘जागा कालच गेली’ या सभ्य वाक्याआड ते लपतात.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून त्यांनी आसरा घेतला, आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. विद्या होती, पद होते, पगार होता, वर्तनाविषयी कोणाची तक्रार नव्हती. घरमालकाने ज्या ज्या गोष्टी पाहाव्यात असे आम्ही वर म्हटले, त्या सर्वांत ते उत्तीर्ण होते. त्यांना नाकारले गेले ते जन्मावरून. त्या प्रसंगाविषयी आज आपण सारेच हळहळ व्यक्त करतो; पण तोच नकार अधिक मृदू शब्दांत आपल्या जिन्यात दिला जातो, तेव्हा ती हळहळ कोठे जाते?

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला केवळ मराठी असल्यावरून कार्यालयासाठी जागा नाकारल्याची तक्रार पुढे आली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला, आणि तो सर्वस्वी योग्य होता. परंतु संताप जर तत्त्वाचा असेल, तर तो आपल्याला झालेल्या अन्यायापुरता थांबू शकत नाही. जो न्याय मुलुंडला हवा, तोच कोथरूड, ठाणे व डोंबिवली येथेही दिला पाहिजे.

‘घर माझे, कर्ज माझे, मग कोणाला द्यावे हे मीच ठरविणार,’ असे यावर म्हटले जाईल. या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या राहत्या घरातील एक खोली देणाऱ्याने, चूल सामाईक असेल तर, स्वयंपाकाविषयी आधीच बोलून घ्यावे, यात गैर काही नाही. पण वेगळी, स्वतंत्र सदनिका देणाऱ्याचा संबंध भिंती, नळ, वीजबिल आणि शेजाऱ्यांची शांतता यांच्याशी आहे. किती माणसे राहतील, पोटभाडेकरू ठेवता येईल काय, रात्री गोंगाट चालेल काय, या वर्तनाच्या अटी आहेत. त्या खुशाल घालाव्यात आणि कसोशीने पाळावयास लावाव्यात. जात ही वर्तनाची हमी नाही. आपल्याच जातीच्या माणसाने भाडे थकविल्याची उदाहरणे प्रत्येक वाचकाला ठाऊक असतील. शिवाय मालकीचा हक्क अगदीच निरंकुश राहिलेला नाही: एचआयव्हीग्रस्तांना जागा भाड्याने देण्याबाबत भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने, तर तृतीयपंथी व्यक्तींबाबत तसे करण्यास २०१९ च्या कायद्याने मनाई आहे. संसदेने ही दिशा एकदा मान्य केली आहे. समाजाने त्या दिशेने आणखी पावले टाकावयास हवीत.

‘आमची हरकत नाही हो, पण सोसायटी ऐकत नाही,’ ही दुसरी सबब. सोसायटीला येणाऱ्याची माहिती व कराराची प्रत अवश्य द्यावी. सदस्य स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटीला बिनभोगवटा शुल्कही घेता येते. मात्र सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेऊ नये, असा राज्य शासनाचा २००१ चा आदेश आहे. परंतु माहिती मागणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या घरात कोणी झोपावे हे ठरविणे वेगळे. सभेत उठून एवढे म्हणण्याचे धैर्य सुशिक्षित सदस्याने दाखविले पाहिजे.

निवड झाल्यावर विश्वासाला कागदाचा आधार द्यावा. अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी नको, हा समज अजून टिकून आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या ५५ व्या कलमानुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत वाद झाल्यास राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. कसूर करणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ही नोंदणी आता घरबसल्या संगणकावरूनही होते. गंमत अशी की, आडनावाची बारीक चौकशी करणारा घरमालकच पुष्कळदा चार पैसे वाचविण्यासाठी हा एकमेव खरा बंदोबस्त टाळतो. पोलिस ठाण्यास राहणाऱ्याची माहिती द्यावी. घराची छायाचित्रे, सामानाची यादी आणि वीजमीटरचा आकडा दोघांच्या सह्यांनी नोंदवून ठेवावा.

आणि पारख घरमालकाचीही होते. अनामत रक्कम ही राहणाऱ्याची ठेव आहे, घरमालकाची मिळकत नव्हे. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी ती दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असे सुचविले आहे. रंगाच्या एका ओरखड्यासाठी ती अडविणे, न कळविता किल्लीने दार उघडून आत शिरणे, कोण आले-गेले याची नोंद ठेवणे, हे सारे आपल्याच पूर्वजांनी सोसलेले जाच आहेत. त्यांची परतफेड पुढच्या भाडेकरूकडून करू नये.

२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. त्यांतील किती कुलुपे निव्वळ भीतीची असतील, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीतील बंद सदनिका आठवून ठरवावे. आपल्या शहरांना उभारी आली ती बाहेरून आलेल्या माणसांना कोणीतरी खोली दिली म्हणून. त्यांतील कित्येक माणसे आपले आजोबा-पणजोबा होते. नव्या घरमालकाने कागद कसून तपासावेत, ऐपत पाहावी, करार नोंदवावा. पण माणूस मात्र माणूस म्हणूनच पारखावा. भाडेकरूची निवड हीच त्याच्या नव्या मालकीची पहिली कसोटी आहे.